पाणबुडी-खेळांतील सोनार

पाणबुडी-खेळांतील सोनार : पाण्याखालचे आवाज ऐकून जहाजे व पाणबुड्या शोधण्याच्या तंत्राची संगणकीय खेळांत केलेली नक्कल. सुरुवातीच्या खेळांत मायक्रोप्रोझचे सायलेंट सर्व्हिस (१९८५) आणि रेड स्टॉर्म रायझिंग (१९८८) हे महत्त्वाचे होत. सोनारचा सर्वांत तपशीलवार विचार सोनॅलिस्ट्स या अमेरिकी कंपनीच्या ६८८(आय) हंटर/किलर (१९९७), सब कमांड (२००१) व डेंजरस वॉटर्स (२००५) या तीन खेळांत आढळतो. कंपनी अमेरिकी नौदलाची कंत्राटी कामे करणारी असल्यामुळे या खेळांना विशेष विश्वासार्हता लाभली. खेळात समुद्राचे भौतिकशास्त्र किती उतरले, यावरून त्याची वास्तवता मोजण्याचा प्रघात आहे. हा निकष अपुरा आहे. सोनारसमोर बसलेल्या माणसाला प्रत्यक्षात जे कळत नाही ते खेळ खेळाडूलाही कळू देत नाही ना, हा प्रश्न त्याहून मोलाचा आहे.

समुद्राची नक्कल : समुद्राच्या पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १,५०० मी. वेगाने जातो. तापमान, क्षारता किंवा दाब वाढला की हा वेग वाढतो. केवळ खोलीमुळे होणारी वाढ दर १०० मीटरला सुमारे १.७ मी. प्रतिसेकंद असते. ध्वनी कमी वेगाच्या थराकडे वळतो आणि त्यामुळे समुद्रात आवाज पोहोचणारे व न पोहोचणारे असे पट्टे तयार होतात. सकाळी ठीक चालणारे सोनार दुपारी निकामी होते, असे अमेरिकी नौदलाला १९३० च्या दशकात आढळले. उपकरणात दोष नव्हता; उन्हाने वरचे पाणी तापल्यामुळे ध्वनी खाली वळत होता. पुरेशा खोल महासागरात खाली गेलेला ध्वनी वाढत्या दाबामुळे पुन्हा वर वळतो आणि साधारण ५५ ते ६५ किमी. अंतरावर पृष्ठभागाजवळ एकवटतो. मधल्या पट्ट्यात ऐकू न येणारे जहाज तिथे अचानक ऐकू येते. डेंजरस वॉटर्समध्ये मोहिमेची रचना करणारा समुद्राचे तीन प्रकार निवडू शकतो : पृष्ठभागाजवळ ध्वनी कोंडणारा, तळाने मर्यादित केलेला आणि दूरवर ध्वनी एकवटणारा. खेळाडू तापमानमापक शोधिका सोडून वेगाचा आलेख मिळवतो. मात्र निवडलेला प्रकार साऱ्या मोहिमेला लागू असतो. खरा समुद्र काही किलोमीटरवर, भोवऱ्याच्या किंवा प्रवाहाच्या कडेला, बदललेला असतो आणि काल घेतलेला आलेख आज खरा असेलच असे नाही.

अरबी समुद्र : मुंबईसमोरचा खंडान्त उथळ भाग (किनाऱ्यालगतचा समुद्रतळ) रुंद असल्याने तिथे ध्वनी एकवटण्याचे पट्टे तयार होत नाहीत, त्यापलीकडच्या खोल पाण्यातही पृष्ठभाग इतका उबदार असतो की तळाजवळचा ध्वनिवेग सहसा पृष्ठभागावरच्या वेगाला गाठत नाही, त्यामुळे दूरवर ध्वनी एकवटण्याचा उत्तर अटलांटिकचा साचा खेळात इथे लावता येत नाही.

गुप्ततेचा आक्षेप : पाणबुड्यांच्या आवाजाची पातळी व सोनारची संवेदनक्षमता गुप्त असते, म्हणून कोणताही खेळ वास्तव असूच शकत नाही, असे म्हटले जाते. आक्षेपात तथ्य आहे, पण त्याची व्याप्ती मर्यादित आहे. ध्वनी सर्व दिशांना सारखा पसरत असेल तर अंतर दुप्पट झाल्यावर तो ६ डेसिबलने क्षीण होतो. दोन थरांत कोंडला असेल तर ३ डेसिबलने. म्हणजे पाणबुडीच्या आवाजाचा अंदाज ६ डेसिबलने चुकला, तर तिचा सुगावा लागण्याचे अंतर पहिल्या स्थितीत दुपटीने व दुसऱ्या स्थितीत चौपटीने चुकेल. त्यामुळे खेळातल्या एखाद्या पाणबुडीचा माग अमुक किलोमीटरवर लागला, यावरून खऱ्या पाणबुडीविषयी काहीही सिद्ध होत नाही. परंतु वेग वाढवला की स्वतःच्याच आवाजाने कान बधिर होतात, थराखाली गेले की माग सुटतो, हे कार्यकारणसंबंध त्या आकड्यांवर अवलंबून नाहीत. ध्वनीच्या प्रसाराचे शास्त्र खुले आहे, त्याची गणिते घरच्या संगणकाला झेपतात. खेळातून शिकण्यासारखे आहेत ते हे संबंध.

दिशाकोनांवरून माग : निष्क्रिय सोनार केवळ ऐकते, त्यातून दिशा कळते, अंतर कळत नाही. आपली पाणबुडी स्थिर आहे आणि ५ किमी.वरून एक जहाज ५ नॉट वेगाने जात आहे असे समजू. १० किमी.वरून त्याच दिशेने १० नॉट वेगाने जाणारे दुसरे जहाज दिशाकोनांची नेमकी तीच मालिका देईल. जहाजाचा मार्ग व वेग कायम आहे असे धरले, तरी दोघांत फरक करायला आपल्याला मार्ग किंवा वेग बदलून पुन्हा ऐकावे लागते, आणि तेवढ्यात जहाजाने वळण घेतले तर सगळी आकडेमोड पुन्हा. मागे ओढलेल्या हायड्रोफोनच्या (पाण्याखालील ध्वनिग्राहकांच्या) माळेत आणखी एक अडचण असते. आवाज डावीकडचा की उजवीकडचा हे तिला कळत नाही, म्हणून पडद्यावर दोन्ही बाजूंना रेषा उमटते आणि खरी कोणती हे वळण घेतल्यावरच ठरते. सोनॅलिस्ट्सच्या खेळांत हे सारे खेळाडूला करावे लागते. दिशांच्या ठिपक्यांची रांग सरळ यावी म्हणून तो अंतर, वेग व मार्ग यांचे अंदाज सरकवत राहतो आणि अनेकदा एकाहून अधिक उत्तरे सारखीच चपखल बसतात. या खेळांचे खरे यश इथे आहे. कोल्ड वॉटर्समध्ये (२०१७) हाच माग आपोआप पक्का होत जाणाऱ्या टक्क्यांच्या रूपाने दिसतो. डावपेच शिकवण्यास ते पुरेसे आहे, पण बरोबर वाटणारे उत्तर चुकीचे असू शकते हा अनुभव त्यातून गळतो.

खेळाडूला काय कळू दिले जात नाही, हा निकष खेळ बनवणाऱ्यांनाही मान्य असावा. सायलेंट हंटर ३ मध्ये (२००५) वास्तवतेची टक्केवारी वाढते ती नकाशावरची जहाजांची ताजी स्थाने, बाहेरून पाहण्याची सोय आणि आपोआप नेमबाजी काढून घेतल्यावर. डेंजरस वॉटर्समध्ये सर्वांची खरी स्थाने दाखवणारा पर्याय आहे. तो बंद केल्याशिवाय सोनारकक्षाला अर्थ उरत नाही. माहिती काढून घेतली की खेळ कंटाळवाणा होतो, तासन् तास एका रेषेकडे कोण पाहील, हा दुसरा आक्षेप. त्यावर काळाचा वेग वाढवण्याची सोय हे रास्त उत्तर आहे. प्रतीक्षा आखडली तरी संशय कायम राहतो. उलट संशय काढून टाकला तर प्रतीक्षा कितीही खरी ठेवली तरी ते सोनार राहत नाही.

ओळख : विद्युतपुरवठ्याची वारंवारता अमेरिकी जहाजांवर ६० हर्ट्‌झ व सोव्हिएत जहाजांवर ५० हर्ट्‌झ असल्याने त्या स्वरांवरून राष्ट्राचा अंदाज बांधता येतो, खेळांत हे वापरले जाते. जहाजाच्या प्रचालक पंख्याच्या ठोक्यांवरून पात्यांची संख्या व वेगही काढता येतो. उणीव अशी की खेळात एका वर्गातल्या सर्व जहाजांचे स्वर सहसा एकसारखे असतात. प्रत्यक्षात झिजलेले बेअरिंग किंवा सैल बसलेला पंप प्रत्येक जहाजाला स्वतःचा आवाज देतो.

सक्रिय सोनार : स्वतः ध्वनी सोडल्यास अंतर लगेच कळते, पण आपले ठिकाणही उघड होते, बहुतेक खेळांत एवढेच दाखवलेले असते.