पलित आणि कलप : माढा परिसराच्या अनुषंगाने केशरंजनाचा विचार

केस पांढरे होण्यास मराठीत ‘केस पिकणे’ असे म्हणतात. हा प्रयोग केवळ पिकल्या फळाच्या साम्यावरून आला असावा असे वरवर पाहता वाटते. परंतु त्याची मुळे अधिक खोल असण्याचा संभव आहे. सुश्रुताने निदानस्थानात क्षुद्ररोगांच्या प्रकरणी पलिताचे कारण सांगताना क्रोध, शोक व श्रम यांनी उत्पन्न झालेली शरीराची उष्णता आणि पित्त ही मस्तकात जाऊन केसांना ‘पचवितात’, म्हणजे शिजवितात, असे म्हटले आहे. ‘पच्’ या धातूपासूनच ‘पक्व’ हा शब्द व त्यावरून ‘पिकणे’ हे क्रियापद सिद्ध होते. वैद्याच्या दृष्टीने जो दाह, तोच लोकांच्या बोलण्यात परिपाक झाला. एकाच धातूने एकीकडे रोग सुचविला, तर दुसरीकडे परिपूर्णता. पांढऱ्या केसांस रंग द्यावा की ते तसेच राहू द्यावेत, या प्रश्नातील सारा पेच या दोन अर्थांत साठविलेला आहे.

प्राचीन वाङ्मयात या दोन्ही बाजू स्वतंत्रपणे मांडलेल्या आढळतात. पाली जातकांतील मखादेव राजाने आपल्या न्हाव्यास सांगून ठेविले होते की, डोक्यात पहिला पांढरा केस दिसताच तो दाखवावा. तो दिसला त्या दिवशी राजाने राज्य पुत्राच्या हाती देऊन प्रव्रज्या घेतली. कालिदासाने रघुवंशाच्या बाराव्या सर्गाच्या आरंभी, दशरथाच्या कानाजवळ पिकलेल्या केसाच्या मिषाने जराच येऊन रामास राज्य द्यावे असे कुजबुजली, ही कल्पना योजली आहे. मनुस्मृतीतही सुरकुत्या, पलित आणि नातवाचे मुख ही वानप्रस्थाची चिन्हे म्हणून सांगितलेली आहेत. मात्र त्याच स्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात केवळ डोके पांढरे झाल्याने कोणी वृद्ध ठरत नाही, अध्ययन करणारा तरुणही वृद्धच होय, असेही बजावलेले आहे. म्हणजे पांढरा केस ही सूचना आहे, पुरावा नव्हे.

याच्या अगदी विरुद्ध भूमिका वराहमिहिराची. इ. स. च्या सहाव्या शतकातील या ज्योतिर्विदाने बृहत्संहितेत गंधयुक्तीचे प्रकरण केशरंजनानेच सुरू केले आहे. ज्याचे केस पांढरे त्यास माळा, सुगंध, वस्त्रे व अलंकार शोभत नाहीत, यास्तव प्रथम केसांचा उपाय करावा, असा त्याचा रोकडा युक्तिवाद आहे. त्याने दिलेली कृती अभ्यासकांनी बारकाईने पाहण्यासारखी आहे. लोखंडी भांड्यात आंबलेल्या द्रवात हरीक शिजवावयाचे, त्यात लोहचूर्ण घालून बारीक वाटावयाचे, तो लेप आंबट द्रवाने भिजविलेल्या केसांवर लावून ओल्या पानांनी डोके झाकून दोन प्रहर बसावयाचे. नंतर तो काढून आवळ्याचा लेप लावावयाचा आणि पुन्हा पाने बांधून तेवढाच वेळ थांबावयाचे. शेवटी लोखंडाचा व आंबट द्रवाचा वास जावा म्हणून सुगंधी तेले. राजासाठी सांगितलेल्या या विधीत जवळजवळ सारा दिवस मोडतो.

आधुनिक रसायनशास्त्राच्या दृष्टीने या कृतीत काहीही गूढ नाही. आम्लामुळे लोखंड विरघळून त्याचे क्षार केसांवर बसतात. त्यानंतर आवळ्यातील तुरट द्रव्ये त्यांच्याशी संयोग पावून काळा, न विरघळणारा रंग तयार होतो. हिरडा आणि हिराकस यांची काळी शाई याच तत्त्वावर होत असे. ज्या क्रियेने कागदावर अक्षर उमटते तीच क्रिया डोक्यावर वय पुसते, हा योगायोग मौजेचा खरा. पण त्याहून महत्त्वाचे हे की, पहिला लेप लोहाचा व दुसरा आवळ्याचा हा क्रम वराहमिहिराच्या काळी अनुभवाने निश्चित झालेला होता. आयुर्वेदातील माका, नीळ, त्रिफळा व लोहभस्म यांची तेले याच परंपरेतील होत.

आता माढ्याकडे वळू. सोलापूर जिल्ह्यातील हा तालुका भीमा व सीना या नद्यांच्या दरम्यान पसरलेला असून, येथील गढी व माढेश्वरीचे देवालय ही रावरंभा निंबाळकरांच्या नावाशी जोडली जातात. हे घराणे निजामाच्या बाजूस राहिले. साहजिकच या भागावर एका बाजूने पंढरीच्या वारकरी परंपरेचा आणि दुसऱ्या बाजूने दक्षिणेतील फार्सी वळणाच्या दरबारी रीतींचा, असा दुहेरी संस्कार झालेला आहे. केशरंजनाच्या प्रश्नास या दोन्ही संस्कारांनी वेगवेगळी उत्तरे दिली, म्हणून हा परिसर विचारात घेण्याजोगा.

मुसलमानी परंपरेत केसांच्या रंगास ‘खिजाब’ म्हणतात. पिकलेल्या केसांचा रंग बदलण्यास धर्मवचनांचा आधार सापडतो. परंतु काळा रंग मात्र अनेक धर्मशास्त्रज्ञांनी निषिद्ध किंवा अनिष्ट मानला आहे, कारण त्याने वयाविषयी फसवणूक होते. यामुळे मेंदीने तांबूस केलेली दाढी हा मधला मार्ग रूढ झाला. ती पाहणाऱ्यास सांगते की या मनुष्याचे केस पिकले आहेत आणि त्याने ते रंगविले आहेत. लपविण्यासारखे काही उरत नाही. मेंदीच्या पाठोपाठ निळीच्या पाल्याचा लेप दिला तर तोच तांबूस रंग काळ्याकडे झुकतो. फरक एका लेपाचा, पण धर्मशास्त्राच्या दृष्टीने तो मोठा.

या संदर्भात एक समकालीन साक्ष उपलब्ध आहे. इटालियन प्रवासी गेमेल्ली करेरी याने १६९५ च्या मार्च महिन्यात कृष्णेकाठी गलगले येथील छावणीत औरंगजेबाची भेट घेतली. त्या वेळी बादशहाचे वय शहात्तर वर्षांचे होते. ठेंगणा बांधा, मोठे नाक, वयाने आलेला बाक, हातात काठी असे त्याचे वर्णन करून करेरीने एक तपशील आवर्जून नोंदविला आहे : सावळ्या कातडीवर त्याची गोल पांढरी दाढी अधिकच उठून दिसत होती. चष्म्यावाचून तो अर्ज वाचीत होता व स्वतःच्या हाताने त्यांवर शेरे लिहीत होता. त्याच वर्षी ही छावणी भीमेकाठी ब्रह्मपुरीस, म्हणजे मंगळवेढ्याजवळ आली आणि १६९९ पर्यंत तेथेच राहिली. माढ्याच्या शेजारी चार वर्षे वावरलेल्या या सत्ताधीशापाशी केस काळे करण्याची साधने नव्हती असे कोण म्हणेल? त्याने ती वापरली नाहीत. पांढरी दाढी हीच त्याच्या अधिकाराची व धर्मनिष्ठेची खूण होती, असा अर्थ लावल्यास तो वावगा होणार नाही. वराहमिहिराच्या राजास जे अशोभनीय, ते या बादशहास भूषण ठरले.

गावगाड्यातही पिकल्या केसांचे मोल असेच होते. वतनाचा तंटा गोतसभेपुढे आला म्हणजे वृद्धांच्या साक्षीस वजन असे, कारण शिव कोठे होती व मान कोणाचा होता हे त्यांनी पाहिलेले असे. ‘माझे केस काही उन्हाने पांढरे झाले नाहीत’ हे वाक्य अशा समाजातच जन्मास येते. त्यात पांढरा केस म्हणजे अनुभवाचा दाखला; तो पुसून टाकणे म्हणजे स्वतःचीच सनद फाडणे. तालुक्यातील अरण हे सावता माळ्यांचे गाव. त्यांनी आपल्या मळ्यातील भाजीत विठ्ठल पाहिला, तसाच सेना न्हाव्यांनी आपल्या हत्यारांत व आरशात परमार्थ पाहिला. धोकटीतील तो लहानसा आरसा बलुतेदार न्हावी गिऱ्हाइकापुढे क्षणभर धरी आणि परत ठेवून देई. स्वतःचे डोके दिवसातून दहा वेळा पाहण्याची सोय त्या जीवनक्रमात नव्हती, हेही ध्यानात ठेविले पाहिजे.

मग कलप लावीत कोण? विवाहासाठी उभा राहिलेला बिजवर किंवा तिजवर, हेच याचे ठळक उत्तर होय. एकोणिसाव्या शतकातील कलपाविषयीचा उपहास विवाहसंस्थेपासून वेगळा काढता येत नाही. गोविंद बल्लाळ देवलांचे ‘संगीत शारदा’ हे नाटक १८९९ मध्ये रंगभूमीवर आले. त्यातील भुजंगनाथाचे हसे होते ते तो वृद्ध आहे म्हणून नव्हे, तर कोवळ्या मुलीशी लग्न करण्यास निघालेला वृद्ध आहे म्हणून. पुढे १९३७ मध्ये व्ही. शांताराम यांनी ‘कुंकू’ या चित्रपटात हाच विषय अधिक गंभीरपणे हाताळला. अशा प्रसंगी केस काळे करणे ही निरुपद्रवी हौस राहत नाही. मुलीच्या आयुष्याच्या सौद्यात तो खोटा माप ठरतो. कलपास मराठीत जो थट्टेचा वास चिकटला तो येथून, आणि तो अन्याय्य म्हणता येणार नाही.

स्त्रियांचा प्रश्न याहून निराळा. ब्राह्मण व तत्सम जातींतील विधवेस केस ठेवण्याचाच अधिकार नव्हता, तेथे ते रंगविण्याचा विचार कोठून येणार? केशवपनाविरुद्ध १८९० मध्ये मुंबईत न्हाव्यांनीच नकाराचा पवित्रा घेतला, ही घटना केसांच्या इतिहासात सोन्याच्या अक्षरांनी लिहावी अशी आहे. इतर समाजांतील स्त्रियांच्या डोईवर पदर असे; भांगाजवळचे चार केस पिकले काय अन् न पिकले काय, परक्याच्या दृष्टीस ते क्वचितच पडत. डोईचा पदर खाली आला, मुली शाळेत व स्त्रिया नोकरीत गेल्या, तेव्हा स्त्रीचा पांढरा केस प्रथमच सार्वजनिक झाला. स्वातंत्र्याबरोबर ही एक नवी तपासणी आली. पुरुषाच्या पांढऱ्या कानशिलास ‘अनुभवी’ म्हणणारा समाज स्त्रीच्या तशाच केसांस ‘थकली’ म्हणतो; आणि रंगविले तर ‘या वयात नटते’ असेही म्हणतो. पूर्वी जे बिजवरास लागू होते ते दूषण असे तिच्या वाट्यास विनाकारण आले.

रेल्वेने या बदलास वेग दिला. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६० मध्ये सोलापूरपर्यंत पोहोचला. माढा तालुक्यातीलच कुर्डुवाडीहून १८९७ मध्ये बार्शीची अरुंदमापी गाडी सुरू झाली व १९०६ मध्ये ती पंढरपुरास गेली. कारखाना, कचेरी, छायाचित्र व भिंतीवरचा मोठा आरसा या गोष्टी अशाच मार्गांनी तालुक्यात शिरल्या. ज्या जगात वय हा दाखला नसून अडचण होते, ते जग या रुळांवरून आले.

रंगही बदलला. फ्रेंच रसायनज्ञ यूजेन श्युलेर याने १९०७ मध्ये कृत्रिम केशरंग तयार केला व त्यातूनच पुढे लोरेआल ही कंपनी उभी राहिली. या जातीच्या रंगांत पॅराफिनिलीनडायअमीन हे द्रव्य प्रमुख असते. त्याचे सूक्ष्म रेणू केसाच्या आत शिरतात, तेथे ऑक्सिडीकरणाने एकमेकांस जोडले जाऊन मोठे व रंगीत होतात आणि मग बाहेर पडू शकत नाहीत. वराहमिहिराचा दिवसभराचा विधी अर्ध्या तासावर आला. मात्र काहींच्या कातडीस या द्रव्याने तीव्र खाज, सूज व फोड येतात, आणि एकदा ही संवेदना जडली म्हणजे ती सहसा जात नाही.

केस महिन्यास सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. त्यामुळे रंगविण्याचा निर्णय एकदा घेऊन भागत नाही. दर चार-सहा आठवड्यांनी भांगाशी पांढरी रेघ उगवते आणि तो पुन्हा घ्यावा लागतो. सोडण्याचा निर्णयही असाच दीर्घ आहे. तीस सेंटिमीटर लांबीचे केस पूर्णपणे आपल्या रंगाचे होण्यास अडीच वर्षे लागतात, आणि तेवढा काळ अर्धे काळे, अर्धे पांढरे डोके घेऊन लग्नकार्यात व कचेरीत वावरावे लागते. मखादेवाचा निर्णय एका केसाने झाला. त्याच्या मानाने ही कसोटी अधिक कठीण म्हटली पाहिजे.

जुनी कृतीही नाहीशी झालेली नाही. लोखंडी कढईत मेंदी, आवळ्याची पूड व चहाचे पाणी एकत्र करून रात्रभर ठेवण्याची रीत महाराष्ट्रातील कितीतरी घरांत चालू आहे, आणि ती बृहत्संहितेतील कृतीची दूरची नातच होय. तिच्या शेजारी ‘काळी मेंदी’ या नावाने विकली जाणारी पुडी असते. मेंदीच्या पानात काळा रंग नसतो. ते पांढऱ्या केसास तांबूस किंवा नारिंगी करते, काळे नव्हे. पुडीवर पानाचे चित्र कितीही हिरवे असले, तरी काळेपणा बहुधा श्युलेरच्या वाटेनेच आलेला असतो.