त्र्यंबकची गल्ली आणि चित्रपटाची फीत

रस्त्यानें जाणाऱ्या-येणाऱ्यांचीं छायाचित्रें चित्रपटांतील दृश्यांसारखीं घेण्याचा छंद आतां डोंगराच्या कुशींतील लहान गांवींही पोंचला आहे. दिवेलागणीस एखादा तरुण कॅमेरा घेऊन गल्लीच्या तोंडाशीं उभा राहतो, आणि हा आजकालचा परका चाळा आहे असें वडील मंडळी म्हणतात. परंतु इतिहास पाहतां या छंदाचें चित्रपटाशीं असलेलें नातें सख्ख्या भावंडांचें आहे.

जर्मनींत लान नदीच्या कांठीं, डोंगराळ मुलखांत, वेट्‌झलार नांवाचें लहानसें शहर आहे. तेथील ऑस्कर बार्नाक या कारागिरानें १९१४ च्या सुमारास एक चिमुकला कॅमेरा तयार केला व त्यांत चित्रपटाचीच ३५ मिलिमीटर रुंद फीत घातली. चित्रपटांत ती उभी सरकत असे. यानें ती आडवी केली, आणि १८ बाय २४ ची चौकट २४ बाय ३६ ची झाली. १९२५ सालीं हा कॅमेरा ‘लायका’ या नांवानें बाजारांत आला, आणि रस्त्यांतून हिंडत चित्रें घेणें सुकर झालें.

आपल्याकडे ओघ उलट दिशेनें वाहिला. छायाचित्रकारच चित्रपटाकडे वळला. मुंबईचे छायाचित्रकार हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनीं १८९९ त हँगिंग गार्डनमधील कुस्ती टिपली, आणि १९०१ त विलायतेहून परतलेल्या रँग्लर परांजप्यांचें स्वागत. म्हणजे पुराणांतील देव पडद्यावर अवतरण्यापूर्वीं आपल्या कॅमेऱ्यानें चालतीं-बोलतीं माणसें पाहिलीं होतीं!

दादासाहेब फाळके यांचा जन्म १८७० सालीं ब्रह्मगिरीच्या पायथ्याशीं, त्र्यंबकेश्वरीं झाला. गोध्र्यास त्यांनीं छायाचित्रकाराचा धंदा केला. पुढें १९१२ त कुंडींतील वाटाण्याच्या वेलाची वाढ एकेक चौकट घेत त्यांनीं फितीवर उतरविली. ‘राजा हरिश्चंद्र’ त्यानंतरचा, १९१३ चा. मग बिऱ्हाड नाशकास हलल्यावर नाशिक-त्र्यंबकचे देखावेही त्यांनीं लघुपटांत घेतले. तो कॅमेरा तिपाईवरचा, मुठीनें फिरवावयाचा. लहान गांवच्या गल्लींत असें यंत्र उभें केलें कीं पोरें भोंवतीं जमणार आणि पारावरची म्हातारी ‘कोणाचा रे तूं?’ म्हणून विचारणार, हें सांगावयास नकोच. मोठ्या शहरांत छायाचित्रकार गर्दींत लपूं शकतो. येथें त्याला आपलें नांव सांगूनच चित्र घ्यावें लागतें. मला तर हें बंधन इष्टच वाटतें.

दुःख निराळेंच आहे. मूकपटांची फीत नायट्रेटची, ज्वालाग्राही व नाशवंत. फाळक्यांच्या कामांतील फारच थोडा भाग आज उरला आहे. देवादिकांच्या कथा आपल्याला अन्यत्र सांपडतील. त्या काळच्या रस्त्यावरचा नाटक न करणारा मनुष्य कोठें सांपडावा?

त्र्यंबकास उगम पावलेली गोदावरी नांदेडजवळ आमच्या विष्णुपुरीस येते. येथें नदीवर बंधारा झाला. १९८१ त अभियांत्रिकी महाविद्यालय निघालें, १९९४ त विद्यापीठ आलें. त्यापूर्वीं पाणवठ्यावर जाणारी वाट कशी होती, तिच्या वळणावर सांजवेळीं कोण बसत असे, हें विचारावयाचें तर अजून घरोघरच्या वृद्धांकडेच जावें लागतें.