बोरू, बोर आणि घडीचा चाकू

इतिहासाच्या भाषणमालेत मी चाकूवर बोलणार आहे, असे घरी सांगितले तेव्हा पहिला प्रश्न आला, "कोणाचा चाकू?" प्रश्न रास्तच होता. इतिहासातल्या हत्याराला मालक लागतो. तलवार म्हटली की छत्रपतींची, कट्यार म्हटली की कुणा सरदाराची. माझ्या चाकूलाही मालक होता, पण त्याचे नाव कुठल्या बखरीत सापडणार नाही. ते माझे आजोबा. धरणगावकडचे. जळगावच्या आसपासच्या मळ्यांतून बोरींना डोळे भरून देण्याचे काम ते चाळीसेक वर्षे करत होते. त्यांचा घडीचा चाकू कोपरीच्या खिशात असायचा.

मध्यंतरी माझा पुतण्या तो चाकू घेऊन आला. जुन्या घराची आवराआवर करताना ट्रंकेत सापडला म्हणाला. "आप्पा, बाबा म्हणायचे हा अस्सल विलायती आहे. खरा असला तर याला आज चांगली किंमत येते म्हणतात. तुम्ही इतिहासवाले, तुम्हीच सांगा." त्याच्या घरी पैशाची गरज होती हे मला ठाऊक होते. त्यामुळे उत्तर देणे मला वाटले होते तितके सोपे नव्हते.

चाकू असा: पाते पावणेतीन इंच, झिजून मधोमध किंचित आत गेलेले. मूठ शिंगाची, एका बाजूला तडा. पाते उघडायला नख लावायची खाच. मुठीच्या पाठीत लोखंडी कमान, आणि तिच्या टोकाशी पाते फिरते तो खिळा. घडीच्या चाकूचे सगळे गुण आणि सगळे दोष या खिळ्यापाशी आहेत, असे माझे मत आहे. घडी होते म्हणून धार झाकली जाते, खिसा फाटत नाही, मांडी कापत नाही, चाकू माणसाबरोबर दिवसभर हिंडतो. घरातली विळी घरात राहते, कोयता बांधावर राहतो. पण जिथे घडी पडते तिथे मोड येतो. पाते आणि मूठ अखंड असलेल्या सुरीइतका जोर हा सांधा कधीच सोसत नाही. ही अडचण आजची नाही. युरोपात हालस्टाट येथे सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीचा घडीचा चाकू मिळाला आहे, रोमन लोकांचेही पुष्कळ मिळाले आहेत. त्या कारागिरांपुढेही हाच प्रश्न असणार: उघडलेले पाते उघडेच कसे राहील?

आपल्याकडे लहान चाकूचे एक मोठे काम आता विसरले गेले आहे. ते म्हणजे लेखणी घडवणे. धुळ्याला १९२७ साली स्थापन झालेल्या राजवाडे संशोधन मंडळात इतिहासाचार्यांनी गावोगाव हिंडून जमवलेले मोडी कागद आहेत. त्याच गावात समर्थ वाग्देवता मंदिरात शंकर श्रीकृष्ण देवांनी मिळवलेली रामदासी बाडे आहेत. मी उमेदीच्या काळात ती बाडे पाहिली, तेव्हा अक्षराच्या वळणाकडे पाहिले, शाईकडे पाहिले. अक्षरामागे एक पाते आहे, हे लक्षातच आले नाही. बोरू शेंड्याशी तिरपा छाटायचा, आतला गर खरवडायचा, मधोमध चीर द्यायची आणि टोक एका फटक्यात तिरके उडवायचे. ते टोक जसे उडेल तशी अक्षराची जाडी. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिला समास लेखनक्रियेवर आहे. त्यात बोरू कसे निवडावेत आणि टाक तोडण्याचे प्रकार यांचाही उल्लेख येतो. बोरूसारख्या गवतात वाळूचाच अंश असतो, त्यामुळे पात्याची धार लवकर बोथटते. म्हणजे लेखकाला चाकूही लागे आणि साणही. पुढे इंग्रजी शाळांबरोबर पोलादी निबे आली, शिसपेन्सिली आल्या आणि चाकूचे काम पेन्सिलीला टोक काढण्यापुरते उरले. आमच्या लहानपणी तेही अर्ध्या ब्लेडने होत असे.

आजोबांच्या चाकूला मात्र याहून अवघड परीक्षा होती. मेहरूणची बोरे आपल्या सगळ्यांना माहीत आहेत. जळगावला लागून असलेल्या मेहरूण शिवारावरून या जातीला नाव पडले. बोराची आठोळी पेरली तर झाड येते, पण त्याच गोडीचे येईल याची खात्री नाही. म्हणून गावठी बोर लावायची, उन्हाळ्यात ती खाली छाटायची आणि पावसाच्या तोंडावर जे नवे फोक फुटतात त्यांवर चांगल्या जातीचा डोळा भरायचा. आजोबा फोकाच्या सालीवर आधी एक आडवा काप घेत, मग खाली उभा. चाकूच्या टोकाने साल दोन्हीकडे अलगद उचलत. त्यात ढालीच्या आकाराचा, डोळ्यासह काढलेला सालीचा तुकडा सरकवत आणि केळीच्या सोपटाने बांधून टाकत. डोळा तेवढा उघडा. सगळे मिळून मला वाटते मिनिटसुद्धा लागत नसे.

इथे चाकूची खरी पारख होते. काप एका ओढीत, गुळगुळीत पडला पाहिजे. पाते करवतीसारखे ओढले गेले की सालीच्या आतला ओला थर फाटतो, हवा शिरते, डोळा वाळतो. दोन-तीन आठवड्यांनी डोळ्याखाली ठेवलेला पानाचा देठ बोट लावताच गळून पडला तर समजायचे की डोळा लागला. देठ सुकून चिकटून बसला तर काम फुकट आणि मजुरीही फुकट, कारण आजोबांचा हिशेब लागलेल्या डोळ्यांवर असे. घरात किती ज्वारी येणार हे त्या पावणेतीन इंचांवर ठरत होते. कलमे करण्याचे जे खास चाकू मिळतात, त्यांच्या दुसऱ्या टोकाला साल उचलण्यासाठी हाडाची किंवा पितळेची चपटी पट्टी असते आणि पात्याला बहुधा एकाच बाजूने धार असते. आजोबांच्या चाकूला ती पट्टी नव्हती. कलमाच्या कामासाठी तो चाकू जन्मला नव्हता, त्याला त्यांनी त्या कामाला लावले होते. पात्याची एक बाजू त्यांनी साणेवर घासून सपाट केलेली आजही दिसते.

त्याच्या दोषाची खूण माझ्या उजव्या हाताच्या तर्जनीवर आहे. मी नऊ-दहा वर्षांचा असेन. मळ्यात काकडी कापायला म्हणून मी चाकू उघडला आणि काकडीत घुसलेले टोक बाहेर काढताना पाते उलटे दाबले. कमान ढिली झालेली. पाते मिटले ते बोटावरच. आजोबा ओरडले, "पोऱ्या, बोट संभाय!" पण तोवर उशीर झाला होता. साध्या घडीच्या चाकूत पाते उघडे ठेवते ती फक्त कमानीची ओढ. खटका नसतो. धारेच्या दिशेने दाबाल तोवर चाकू तुमचा, पाठीच्या दिशेने दाबाल तर तुमचा नाही.

मग खटका बसवला की झाले, असे कोणी म्हणेल. तसा चाकू आपल्याकडे झाला, त्याला आपण रामपुरी म्हणतो. उत्तर प्रदेशातल्या रामपूर संस्थानातली ही कारागिरी. बटण दाबले की पाते उघडते आणि अडकून बसते. सांध्याचा दोष त्या कारागिरांनी दूर केला यात शंका नाही. पण पाते लांब आणि निमुळते केले आणि ते काम सोडून धाकासाठीच जास्त प्रसिद्ध झाले. हिंदी सिनेमाने उरलेसुरले काम केले. 'वक्त' हा चित्रपट १९६५ चा. त्यातल्या राजकुमारच्या चाकूच्या प्रसंगानंतर अमळनेरच्या यात्रेत, बोरी नदीच्या वाळवंटात, माशाच्या आकाराच्या मुठीचे चाकू आम्ही पोरे कसे हाताळत होतो ते मला आठवते! विकत घ्यायला पैसे नव्हते ही गोष्ट वेगळी.

कायद्याने या दोन चाकूंमध्ये फरक केला आहे. शस्त्र अधिनियम १९५९ चा. त्याखालच्या १९६२ च्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या हत्यारांचा वर्ग होता, आणि घरकाम व शेतीची अवजारे त्यातून वगळली होती. पण १९५१ च्या पोलीस कायद्याच्या ३७ व्या कलमाखाली सणासुदीला मनाई आदेश निघतो, तेव्हा सुरे-चाकू बाळगण्यावरच बंदी येते आणि तिथे इंच मोजत बसायला कोणाला वेळ असतो? अशाच एका बंदोबस्तात आजोबांना अडवले होते. शिपायाने चाकू उघडला, पाते नाकाशी नेले, "कांदा कापला का हो बाबा?" म्हणाला आणि मिटून परत दिला. सगळ्यांच्या वाट्याला असा शिपाई येत नाही.

आता पुतण्याच्या प्रश्नाकडे. पात्याच्या मुळाशी झिजलेली इंग्रजी अक्षरे आहेत. भिंगातून 'रॉजर्स' आणि 'शेफिल्ड' असे लागते. शेफिल्ड हे इंग्लंडमधले पोलादाचे आणि चाकू-कात्र्यांचे गाव. तिथल्या जोसेफ रॉजर्स या पेढीचा माल जगभर आणि हिंदुस्थानातही मानाचा होता. तिची खूण तारा आणि माल्टीज क्रॉस, शेजारी शेजारी. मोठे नाव झाले की नकला निघतात. जर्मनीहून येणाऱ्या मालावर शेफिल्डची नावे छापली जातात, ही तेथील कारखानदारांची तक्रार होती. तिच्यामुळे ब्रिटनमध्ये १८८७ साली मालखुणांचा कायदा झाला, आणि १८८९ साली हिंदुस्थानातही तसाच झाला. आमच्या चाकूवर तारा नाही, क्रॉस नाही. शिवाय त्या पेढीच्या नावात एक 'डी' आहे. तो उच्चारात येत नाही, पण लिहिण्यात असतो. आमच्या पात्यावर तो 'डी' नाही. ज्याने कोणी हा छाप मारला त्याने नाव बहुधा ऐकले होते, वाचले नव्हते.

एक गोष्ट मात्र खरी आहे. पोलाद चांगले आहे. ते न गंजणारे नाही. तसले पोलाद शेफिल्डच्याच हॅरी ब्रिअर्लीने १९१३ साली काढले आणि नंतर घराघरांत पोचले. आमचे पाते बोरीच्या आणि केळीच्या चिकाने काळेनिळे पडलेले आहे. आजोबा रोज संध्याकाळी ते राखेने घासून करडईच्या तेलाचे बोट फिरवायचे. एक दिवस विसरले तर दुसऱ्या दिवशी तांबूस गंज. पण साध्या पोलादाला साणेवर धार चटकन येते. बांधावर बसून, दगडाच्या चिपेवरही येते. ज्याला दिवसातून चार वेळा धार लावायची आहे त्याला हे सोयीचे होते. तेल लावायला वेळ नसलेल्या माणसाने मात्र हा चाकू घेऊ नये.

मी पुतण्याला खरे ते सांगितले. हा अस्सल नाही, याची किंमत येणार नाही. त्याचा चेहरा उतरला. "म्हणजे बाबा आयुष्यभर फसले?" त्याने विचारले. मी त्याला सपाट केलेली बाजू दाखवली. तो बराच वेळ त्यावरून अंगठा फिरवत राहिला. पैशांचे आम्ही दुसऱ्या मार्गाने पाहिले.

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघे तो चाकू घेऊन एका शिकलगराकडे गेलो. पूर्वी तलवारींना पाणी चढवणारे हे लोक. आता कात्र्या आणि सुऱ्यांना धार लावतात. त्याने पाते उघडले, मिटले, पुन्हा उघडले, कानाशी नेऊन खिळा हलवून पाहिला. छापाकडे त्याने पाहिलेही नाही. "खिळा ठोकून देतो," तो म्हणाला, "पण कमान गेली आहे, ती नवी टाकावी लागेल. पाते अजून जाईल." किती, असे पुतण्याने विचारले. पैसे की वर्षे, हे त्या माणसाला नीट कळले नाही. त्याने दोन्ही सांगितले.