ऑपरेटिंग सिस्टिम : जुन्या प्रोसेसरचा आधार काढणे

ऑपरेटिंग सिस्टिमची नवी आवृत्ती बांधताना ठरावीक पिढीआधीच्या प्रोसेसरसाठी लिहिलेला भाग वगळण्याची पद्धत. अशी आवृत्ती जुन्या संगणकावर चढतच नाही. आधीची आवृत्ती चालू राहते, पण तिला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणे कालांतराने थांबते.

लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स लिहायला घेतले ते इंटेलच्या ३८६ प्रोसेसरवर. त्याच ३८६चा आधार २०१३च्या ३.८ आवृत्तीत काढला गेला. स्मृतीतील मूल्य एका फटक्यात तपासून बदलण्याची सूचना ४८६पासून आली. ३८६ला ती ठाऊक नसल्याने त्याच्यासाठी कोडमध्ये आडवाटा सांभाळाव्या लागत. कोडच्या ओळी ठेवून द्यायला काही लागत नाही. त्या अजून बरोबर चालतात का हे पाहायला मात्र चालू यंत्र आणि चिकाटीचा माणूस लागतो, आणि खरी अडचण तिथेच असते. इंटेलचा इटॅनियम ६४ बिटांचा आणि ३८६पेक्षा कितीतरी नवा, तरी वापरणारे व सांभाळणारे उरले नाहीत म्हणून जानेवारी २०२४च्या ६.७ आवृत्तीतून तोही गेला.

३२ बिटांचा पत्ता ४ जीबीपर्यंतच पोचतो. एएमडीने २००३ मध्ये ६४ बिटांचा ऑप्टेरॉन आणल्यावर ३२ बिटांचे दिवस भरत आले. फेडोराने २०१९ मध्ये, विंडोज ११ने २०२१ मध्ये आणि डेबियन १३ने ऑगस्ट २०२५ मध्ये ३२ बिटांच्या पीसीवर प्रणाली चढवण्याची सोय बंद केली. सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेची ‘बॉस’ ही भारतीय प्रणाली डेबियनवर उभी असल्याने वरचे असे निर्णय तिच्यापर्यंतही येतात.

पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकने प्रोसेसरची घराणी बदलताना जवळून पाहिली. तिचा १९९१चा महासंगणक परम ८००० इनमॉसच्या ट्रान्सप्युटरवर बांधला होता. ते घराणेच पुढे खुंटले. १९९८चा परम १०००० सनच्या अल्ट्रास्पार्कवर, त्यानंतरचा परम पद्म आयबीएमच्या पॉवर४वर आणि २००८चा परम युवा इंटेलच्या झिऑनवर आला. महासंगणकाच्या बाबतीत हे निभावते. यंत्राबरोबर प्रोग्रॅम नव्याने बांधणारे लोक तिथे पगारी असतात.

अकलूजसारख्या (जि. सोलापूर) बाजारपेठेच्या गावात लग्नपत्रिका आणि हँडबिले छापणाऱ्याकडे असे कोणी नसते. ६४ बिटांचे विंडोज १६ बिटांचे प्रोग्रॅम चालवत नाही आणि ३२ बिटांचे ड्रायव्हर स्वीकारत नाही. डॉसच्या काळात पडद्यावर देवनागरी आणणारे सी-डॅकचे जिस्ट कार्ड ज्या खाचेत बसे, ती खाचच नव्या मदरबोर्डवर नाही. युनिकोडपूर्व फॉन्टमधला मराठी मजकूर त्या फॉन्टशिवाय निरर्थक अक्षरांचा ढीग दिसतो. प्रोसेसर वगळण्याचा निर्णय घेणाऱ्यांच्या हिशेबात हा मजकूर कधीच नव्हता, आणि त्यांना दोष देऊनही तो वाचणार नाही.

३२ बिटांत सेकंद मोजणारी लिनक्सची जुनी घड्याळे १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटांनंतर चुकीची वेळ दाखवू लागतील. डेबियन १३ने इतर सर्व प्रोसेसरांसाठी ६४ बिटांची वेळ स्वीकारली; फक्त जुन्या ३२ बिट पीसीच्या प्रोग्रॅमांना ती दिलेली नाही. ज्यांचे काम अजून अशा संगणकावर आहे त्यांनी तो चालू आहे तोवर मजकूर युनिकोडमध्ये उतरवून घ्यावा.