विजेचें देणें

जी वस्तु फुकट मिळते तिचा खर्च कोण सोसतो, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. संगणकाकडून सर्व कामें करवून घेणाऱ्या मूळ आज्ञावलीस कार्यकारी प्रणाली म्हणतात. ओपनबीएसडी नांवाची अशी एक प्रणाली कॅनडांतील कॅलगरी येथें थिओ डी राट ह्यांनीं १९९५ सालीं सुरू केली. तिची संहिता कोणींही वाचावी, बदलावी, विनामूल्य वापरावी, असा तिचा परवाना आहे. यंत्राच्या सुरक्षिततेविषयीं इतका कटाक्ष अन्यत्र क्वचितच आढळेल.

दर सहा महिन्यांनीं नवी आवृत्ति निघे आणि तिच्या तबकड्या व सदरे विकून हा संसार चाले. पुढें अमेरिकन संरक्षण खात्याच्या डार्पा ह्या संशोधनसंस्थेनें सुमारें २० लक्ष डॉलरांचें साहाय्य देऊं केलें. परंतु एप्रिल २००३ मध्यें डी राट ह्यांनीं इराकच्या युद्धाविरुद्ध एका कॅनेडियन वृत्तपत्राजवळ उद्गार काढले, आणि थोड्याच दिवसांत तें साहाय्य थांबलें. संस्थेनें कारण निराळें सांगितलें. लोकांनीं समजावयाचें तें समजून घेतलें. सरकारी पैशाचा हा अनुभव! २००७ सालीं देणग्या स्वीकारण्यासाठीं कॅनडांत एक प्रतिष्ठान स्थापन झालें, तें ह्यानंतर.

तरीहि २०१४ च्या जानेवारींत काम बंद पडण्याची वेळ आली. कारण पहावें तर विजेचें बिल! वर्षाकांठीं सुमारें २० हजार डॉलर. नवीं-जुनीं नाना जातींचीं यंत्रें तेथें अहोरात्र चालत. जुनीं यंत्रें मोडींत काढा, असा सल्ला देणारे पुष्कळ निघाले. पण पैसे देणारे थोडे. वस्तुतः एकाच संहितेची भिन्न रचनेच्या यंत्रांवर परीक्षा घेतली म्हणजे एका यंत्रावर दडून राहिलेला दोष दुसऱ्यावर उघडा पडतो, म्हणून डी राट ह्यांनीं तो सल्ला मानला नाहीं. ह्यांत थोडा हट्टहि होता असें कोणी म्हटल्यास तें अगदींच खोटें नव्हे; पण तो कारागिराचा हट्ट होता. अखेर रुमानियांतील मिर्चा पोपेस्कू नामक गृहस्थानें २० हजार डॉलर किंमतीचें बिटकॉइन देऊन टाकलें, आणि मागोमाग देशोदेशींच्या सामान्य वापरणाऱ्यांच्या लहान लहान रकमा येऊं लागल्या.

विशेष हें, कीं दूरच्या यंत्रावर निर्धास्तपणें काम करण्याचें ओपनएसएसएच हें साधन ह्याच मंडळींनीं १९९९ मध्यें सिद्ध केलें होतें, आणि मोठमोठ्या कंपन्यांचा व्यवहार त्यावर चालत होता. त्यांतील मायक्रोसॉफ्टनें २०१५ मध्यें मोठी देणगी दिली. तबकड्यांची विक्री मात्र २०१६ च्या आवृत्तीबरोबर संपली. प्रणाली लोक तारेवरून घरबसल्या उतरवून घेऊं लागले होते, आणि तबकडी विकत घेण्यास कोणास कारण उरलें नव्हतें.