मातीची पाखरं

आमच्या घरची दुनळी बर्मिंगहॅमची होती. लोखंडाच्या आणि पोलादाच्या पट्ट्या एकत्र पिळून, तापवून, ठोकून तिच्या नळ्या केलेल्या. पाण्यावर तेलाचा थेंब पसरावा तशी नक्षी त्यांच्यावर दिसायची. या घडणीला दमास्कस म्हणतात, हे मला पुढं कळलं. आम्हा पोरांना ती नागिणीची कात वाटायची. नळीच्या पोटाशी बारीक इंग्रजी अक्षरं कोरलेली होती, 'नॉट फॉर बॉल'. म्हणजे हिच्यात गोळी घालू नका, छर्रेच घाला. तोंडाकडं आवळत नेलेल्या नळीवर हा शिक्का १८७५ ते १८८७ एवढीच वर्षं मारत. त्यामुळं कागद नसला तरी बंदुकीचं वय नळीवरच वाचता यायचं. बारा बोअर हे नावही असंच हिशेबाचं. नळीच्या मापाच्या शिशाच्या गोळ्या ओतल्या, तर एका रत्तलात बारा बसतात.

विलायतेतून ती औरंगाबादच्या छावणीत आणि तिथून आमच्या घरात कशी आली, याच्या घरात तीन गोष्टी होत्या आणि तिन्ही आबाच सांगायचे. पक्का होता तो परवाना. उर्दूतला, फसली सन १३४५ चा, म्हणजे आपल्या १९३५-३६ चा. कारण पिकाची राखण. ते खोटंही नव्हतं. आमचं गाव कन्नड तालुक्यात, गौताळ्याच्या डोंगराच्या पायथ्याला. ज्वारी हुरड्यात आली की रानडुकरं एका रात्रीत पट्टीच्या पट्टी आडवी करायची.

रझाकारांच्या साली ती कडब्याच्या गंजीत होती. घरात बंदूक आहे हे गावाला माहीत, त्यामुळं रझाकारांनाही माहीत. आबांनी नळ्या आणि दस्ता वेगळे करून दोन गंजीत घातले आणि वर आजीनं गोवऱ्या रचल्या. सप्टेंबर १९४८ मध्ये १३ ते १७ अशा पाच दिवसांत पोलीस ॲक्शन झाली आणि निजामाचं राज्य गेलं. पुढं परवाना नवा झाला. १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० ला महाराष्ट्र झाला. दरवेळी कागद बदलला, नळ्या त्याच. निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा करायची आणि महिन्यानं गंजाचे ठिपके घेऊन ती परत आणायची. मग आबा खोबरेल तेलाचा बोळा घेऊन दिवसभर ओसरीवर बसायचे.

राखणीच्या नावावर शिकारही व्हायची, हे लपवण्यात अर्थ नाही. तितर, लाव्हे, कधी ससा. शिकारीला आबांबरोबर पारधी बाबा असायचा. त्याचं पाल ओढ्यापलीकडं. आम्ही पोरं त्याला बाबाच म्हणायचो. तो आबांना मालक म्हणायचा आणि आबा त्याला अरे-तुरे. बंदूक आबांची, पण रान बाबाचं. तो तोंडानं मादीचा आवाज काढायचा आणि बांधाआडचा नर तितर उत्तर द्यायचा. स्वतः तो कधी बार काढत नसे. त्याचे फासे घोड्याच्या शेपटीच्या केसांचे. रात्री लावायचे, पहाटे काढायचे.

१९७२ हे आमच्याकडं दुष्काळाचं साल. विहिरी आटल्या, खडी फोडायच्या कामावर पाटील आणि पारधी एकाच रांगेत बसले आणि दोघांनी सुकडी खाल्ली. त्याच साली दिल्लीत वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला. त्यात परवान्याची फट होती, ती १९९१ च्या दुरुस्तीत बुजली. पण पाल टाकून राहणारा माणूस तितराचा परवाना कुठल्या कचेरीतून आणणार होता?

आबांनी पाखरं मारणं सोडलं. कायद्याच्या धाकानं म्हणा, दुष्काळात पाखरंच उरली नव्हती म्हणून म्हणा. पण हात बसेना. खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाली की दोन बार काढायची घरची रीत, आणि नुसते आभाळात बार काढणं त्यांना बायकी वाटे. (शब्द त्यांचा. घरात तोंडानं तोफ चालवायची ती आजीच.) मग त्यांनी कुंभाराच्या आव्यावरून परळ आणि येळण्या आणवल्या. गावाबाहेरच्या खडीच्या खाणीत बाबानं खालून त्या हवेत भिरकवायच्या आणि आबांनी वरून फोडायच्या.

आमच्या खाणीत एका हंगामात झालं ते साहेबाच्या देशात व्हायला जास्त वेळ लागला होता. तिकडं आधी जिवंत कबुतरं पेटीत कोंडायचे, दोरी ओढून झाकण उघडायचे आणि पाखरू उठलं की बार. त्या पेटीचं नाव ट्रॅप. १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकच्या वेळीही जिवंत कबुतरांवर नेमबाजी झाली. त्याआधीच अमेरिकेत काचेचे गोळे निघाले होते. काहींत पिसं भरलेली असायची, म्हणजे गोळा फुटला की पाखरू मेल्याचं समाधान. मग १८८० मध्ये सिनसिनाटीच्या लिगॉव्स्की नावाच्या माणसानं मातीची चपटी थाळी काढली. पाण्यावर शिंपले तिरपे फेकणारी पोरं पाहून त्याला ती सुचली, असं सांगतात. पण त्याच्या पहिल्या थाळ्या भट्टीत इतक्या कडक भाजल्या जात, की छर्रा लागला तरी घंटेसारख्या वाजत आणि अख्ख्या खाली येत. म्हणून पुढं डांबर आणि चुनखडीची भुकटी आली. आजही ऑलिंपिकमधली थाळी तशीच, ११० मिलिमीटर रुंद आणि १०५ ग्रॅम वजनाची. कॅरोच्या १९६२ च्या जागतिक स्पर्धेत बिकानेरच्या करणीसिंहांनी रौप्य मिळवलं ते असल्याच थाळ्यांवर. मातीची झाली तरी तिला 'बर्ड'च म्हणतात. यंत्रातून फुटकी निघाली तर पंच 'नो बर्ड' म्हणून ओरडतो.

लिगॉव्स्कीची अडचण आमच्या कुंभारालाही आली. पहिल्या खेपेच्या येळण्या खणखणीत भाजलेल्या. छर्रा लागला की टण्ण आवाज यायचा आणि येळणी तशीच जाऊन झुडपात पडायची. आबा चिडले. कुंभार म्हणाला, "पाटील, कच्चा माल द्या म्हनून जिंदगीत पयल्यांदा कोनी सांगायलंय." पुढच्या आव्यातून त्यानं अर्धकच्चे परळ दिले. ते हवेत फुटायचे आणि लाल धुरळा उडायचा.

खरी करामत बाबाची होती. स्पर्धेत नेमबाज हाक देतो, मग थाळी सुटते. बाबा हाकेची वाट बघत नसे. तो आधी पाखराचा आवाज काढायचा. तितराचा काढला, तर परळ जमिनीलगत सरळ जायचा. लाव्ह्याचा काढला, तर पायाजवळून फर्रकन उठून तिरपा वळायचा. होल्याचा परळ उंच जाऊन मध्येच ढासळायचा. चार बोटं मातीच्या तुकड्यात तो एवढा फरक घालायचा. पूर्वी त्याला पाखरांतला वाटा मिळायचा, आता पायलीभर ज्वारी मिळू लागली. पायलीत घर चालत नाही. म्हणून फासे चालूच होते.

मी सातवी-आठवीत असेन. एका पहाटे बाबाला फासे आणि दोन तितरांसकट धरून नेलं. पारधी जन्मानं गुन्हेगार ठरवणारा इंग्रजांचा १८७१ चा कायदा १९५२ ला रद्द झाला होता, पण गावात काही झालं की पहिली काठी पालावरच पडायची. आमच्या दुनळीला कुणी काही विचारलं नाही. तिच्याकडं कागद होता. आबा बाबाला सोडवायला गेले, पण तिसऱ्या दिवशी. "जामीन कोन ऱ्हातो म्हनून इचारलं असतं आदल्या दिशीच, तर?" एवढंच आजी म्हणाली. आबा गप्प राहिले. बाबा आला तेव्हा उजव्या हाताची दोन बोटं सुजलेली होती.

त्या खंडेनवमीला तो खाणीत आला. परळ त्यानं डाव्या हातानं उडवले, एकामागं एक, सगळे एकाच उंचीचे, एकाच वाटेनं. तोंडातून एकाही पाखराचा आवाज काढला नाही. आबांनी तीन बार काढले, तिन्ही लागले. मग बंदूक मोडून नळ्या रिकाम्या केल्या आणि उरलेले परळ तसेच पोत्यात घरी आणले. त्यानंतर खाणीत बार झाला नाही.

आबा गेल्यावर वारसाहक्कानं परवाना वडलांकडं आला. शहरातल्या एका जुन्या कारागिरानं नळ्या उजेडाकडं धरून पाहिल्या आणि वडलांना म्हणाला, "साहेब, ही काळ्या दारूची बंदूक आहे, हिच्यात खडकीचं काडतूस घालू नका." खडकीच्या कारखान्यातलं काडतूस सत्तर मिलिमीटरचं आणि दारू आजची, हिचं घर अडीच इंचाचं, म्हणजे साडेत्रेसष्टच्या आसपास. पिळाच्या नळ्या फाटायला एक बार पुरे. वडलांनी ती रीतसर जमा केली. पावतीवर लिहिलं होतं, डी.बी.बी.एल., जुनी, वापरास अयोग्य.

बाबा तेव्हा होता, नजर गेलेली. मी पालावर जाऊन त्याला बंदूक दिल्याचं सांगितलं. त्यानं विचारलं, "आन् ते परळ?"

ते आजीनं केव्हाच तुळशीपुढं दिव्यांना वापरून संपवले होते. मी तसं सांगितलं. "बरं झालं," तो म्हणाला आणि नातवाला चहा ठेवायला सांगितलं.