दान आज, घाव उद्या

दिवाळीत भाचा गंगापूरला आला तो एक छोटी डबी घेऊनच. डबीत सात फासे. चार बाजूंच्या सुळक्यापासून ते वीस बाजूंच्या गोटीपर्यंत सगळे आकार. दुपारी ओसरीवर चुलत-मावस-आते अशी सगळी पोरं गोल करून बसली आणि खेळ सुरू झाला.

नातेवाईक मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. ह्याला रोल-प्लेइंग गेम म्हणतात. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतले योद्धे, चोर, वैद्य, मांत्रिक होतात. धोक्याचं काहीही करायचं म्हटलं की फासा टाकायचा. पट असला तर असला, नसला तरी अडत नाही.

तासाभरात भांडण झालं. एका भाचीने विष लावलेला बाण सोडला आणि वीस बाजूंच्या फाशावर नेमके वीस पडले. वीस पडले की घाव दुप्पट. ह्याला क्रिटिकल हिट म्हणतात, त्याबद्दल वाद नव्हता. पण विष लगेच पूर्ण चढत नाही, त्याचा दुसरा तडाखा मिनिटभराने बसतो. मग तोही दुप्पट मोजायचा का? एक बाजू म्हणे, नशीब फळलं ते अख्ख्या बाणाला. दुसरी म्हणे, नशीब बाणाच्या टोकापुरतं, विष आपल्या चालीने चालणार. दोन्ही बाजूंचं म्हणणं ऐकताना मला सारखं वाटत होतं, हे आपण आधी कुठेतरी वाचलंय...

आधी त्या खेळाचा इतिहास. डन्जन्स अँड ड्रॅगन्स १९७४ साली अमेरिकेत छापला गेला. पुढच्याच वर्षी, १९७५ मध्ये, एम. ए. आर. बार्कर यांचा एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन आला. बार्कर मिनेसोटा विद्यापीठात दक्षिण आशियाई भाषांचे प्राध्यापक होते आणि उर्दू शिकवण्याची त्यांची पुस्तकं आहेत. वीस पडले तर दुप्पट घाव, आणि पुन्हा फासा टाकून मोठा आकडा आला तर समोरचा जागीच ठार, हा नियम त्यांच्या पुस्तकात होता. मूळ खेळाचे एक कर्ते गॅरी गायगॅक्स यांना मात्र ही कल्पना पसंत नव्हती. १९७९ च्या पुस्तकात त्यांनी विरोध लिहूनच ठेवला. मुद्दा साधा होता : हे दान तुम्हांला पडेल तसं राक्षसालाही पडेल, आणि तुमचं पात्र तर रोजच लढतं. १९८९ मध्ये नियम ऐच्छिक म्हणून आत आला आणि २००० च्या आवृत्तीत मुख्य नियमांत बसला.

त्या २००० च्या आवृत्तीत आमच्या भांडणाचं उत्तरही आहे. शस्त्राचा घाव वाढतो, विषाचा वाढत नाही. शिवाय विषाच्या दोन्ही तडाख्यांच्या वेळी ज्याला बाण लागला त्याला बचावाचा फासा टाकता येतो. पोरांनी नियम वाचला आणि खेळ पुढे गेला. मला मात्र "असं का?" सुटेना.

गंगापूरच्या माणसाला फाशांचा इतिहास शोधायला अमेरिकेला जायची गरज नाही. उत्तरेला वेरूळ आहे. तिथल्या १४, २१ आणि २९ क्रमांकाच्या लेण्यांत शिव-पार्वती सारीपाट खेळत बसलेत. एकविसावं म्हणजे रामेश्वर लेणं सहाव्या शतकाच्या आसपासचं. त्यात खाली गण नंदीची खोड काढताना दिसतात. घरात कोणीतरी गंभीर होऊन खेळतंय आणि पोरं बैलाशी दंगा करतायत, असं ते घरगुती चित्र आहे.

ह्या शिल्पांपेक्षाही जुना खेळ बेहड्याच्या फळांचा. टाकलेली फळं चारचारांनी मोजायची. काही उरलं नाही तर कृत, तीन उरले तर त्रेता, दोन उरले तर द्वापर, आणि एक उरला तर कली, म्हणजे हरलात. चार युगांची नावं ही दानांचीच नावं आहेत. आपण ज्या युगात जगतो असं आजी म्हणायची, ते एका वाईट दानाचं नाव!

आता सभापर्व. युधिष्ठिर द्यूतात सगळं हरतो, स्वतःला हरतो, मग द्रौपदीला लावतो आणि तिलाही हरतो. न्यायला आलेल्या सूताला द्रौपदी आधी परत पाठवते, एक प्रश्न विचारून : आधी स्वतःला हरलात की मला? हा प्रश्न निव्वळ क्रमाचा आहे. जो आधीच दास झाला तो पुढचं दान लावू शकतो का? विकर्ण म्हणतो, नाही. भीष्म म्हणतात, धर्म सूक्ष्म आहे, मला निर्णय देता येत नाही. भरसभेत एका बाईची विटंबना चालली आहे आणि तिच्या हातात उरलंय ते नियमाचं एक कलम. खेळातल्या नियमावर वाद घालणाऱ्या पोरांना आपण "किती कटकट करता रे" म्हणतो, तेव्हा मला हा प्रसंग आठवतो.

पुढे धृतराष्ट्र वर देऊन सगळ्यांना सोडतो आणि लगेच पुन्हा खेळ मांडला जातो. ह्या वेळी एकच दान. हरेल त्याने बारा वर्षं वनवास आणि तेराव्या वर्षी अज्ञातवास भोगायचा. शकुनी फासे टाकतो, जिंकतो. क्षणाचं दान आणि तेरा वर्षांचा घाव.

इथे नीट बघा. शर्त फासे पडायच्या आधी ठरली होती. दान कितीही झकास पडलं असतं तरी तेराची सव्वीस झाली नसती. वाढायची सोय होती, पण ती फाशाकडे नव्हती. अज्ञातवासात ओळखले गेले तर पुन्हा बारा वर्षं. म्हणजे दुसरा तडाखा पांडवांच्या वागण्यावर ठरणार होता, शकुनीच्या नशिबावर नाही. आणि तो कधी संपला ह्यावरही वाद झालाच. विराटाच्या गायींपाशी अर्जुन उघड झाला तेव्हा दुर्योधन म्हणाला, मुदत भरलेली नाही. भीष्मांनी अधिक महिने धरून हिशेब केला : पाच वर्षांत दोन महिने जास्तीचे, तेव्हा तेरा वर्षं तर भरलीच, वर पाच महिने आणि बारा रात्रीही झाल्या. सभेत ज्यांना निर्णय देता आला नव्हता, त्यांनी इथे मात्र स्पष्ट दिला.

वनवासात युधिष्ठिर हळहळत बसला असताना बृहदश्व ऋषी त्याला नळाची गोष्ट सांगतात. नळ म्हणजे आपल्या विदर्भाचा जावई. कली नळाच्या अंगात शिरतो (वर सांगितलेलं वाईट दानच जणू माणसात शिरलं!), नळ पुष्कराशी द्यूत खेळतो आणि राज्य हरतो. रानात वणव्यातून तो कर्कोटक नागाला वाचवतो. नाग म्हणतो, पावलं मोजत चल. दहाव्या पावलाला नळ "दश" म्हणतो आणि नाग डसतो, कारण संस्कृतात "दश" म्हणजे दहाही आणि "डस" ही! नळाचं रूप पालटतं, पण विष नळाला छळत नाही. ते आत बसलेल्या कलीला जाळत राहतं. कितीतरी काळाने, ऋतुपर्ण राजाकडून नळ फाशांचं मर्म शिकतो तेव्हा कली ते विष ओकत बाहेर पडतो आणि शिरतो कुठे, तर बेहड्याच्या झाडात.

हे वाचल्यावर माझ्या लक्षात आलं, की आपल्या गोष्टींत उशिरा बसणारा घाव जिथे तिथे आहे. शाप म्हणजे दुसरं काय? परीक्षिताला तक्षक सातव्या दिवशी डसणार. कर्णाची विद्या ऐन वेळी आठवणार नाही. पण प्रत्येक वेळी मधे मोकळी जागा आहे. परीक्षिताला सात दिवस मिळतात, नळाला विद्या शिकायला वेळ मिळतो, पुष्कळ शापांना उःशाप असतो. ही मोकळी जागा ज्याला घाव बसला त्याची. मारणाऱ्याचं नशीब तिथेही घुसवलं, तर उशीर लावण्याला अर्थच उरत नाही. तो फक्त लांबवलेला मार होतो.

ह्याच्या उलट मोक्षपट. गंगापूरहून दक्षिणेला कायगाव, गोदावरी ओलांडली की टोके, आणि पुढे प्रवरेकाठी नेवासे, जिथे शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. मोक्षपट परंपरेने ज्ञानेश्वरांच्या नावावर सांगतात. शिड्या सद्गुणांच्या, साप षड्रिपूंचे. इंग्रजांकडे जाऊन त्याची सापशिडी झाली. त्यातला साप चावला की चावला, सोंगटी तत्क्षणी खाली. मधे काही करायला जागा नाही. म्हणून लहान मूलही तो खेळू शकतं, आणि म्हणूनच त्यात भांडायला काही नाही.

हे सगळं खेळातलं-पुराणातलं म्हणून सोडून देऊ नका. आपल्याकडे रात्री पिकाला पाणी द्यायला जाणारा माणूस लाल विंचवावर पाय देतो, तेव्हा हाच प्रश्न जिवाचा होतो. आधी वेदना, घाम, उलट्या. मग काही तासांत हातपाय गार पडतात आणि फुप्फुसात पाणी होऊ लागतं. आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यातले डॉ. हिंमतराव बावस्कर महाडकडे नोकरीला गेले, तिथे त्यांनी विंचूदंशाने जाणारे रुग्ण पाहिले आणि १९८० च्या दशकात प्राझोसिन ह्या रक्तदाबाच्या गोळीचा त्यावर उपयोग दाखवून दिला. मृत्यूंचं प्रमाण झपाट्याने खाली आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. डंख कुठे आणि किती बसला हे त्यांच्या हातात नव्हतंच. त्यांनी काम केलं ते पहिल्या आणि दुसऱ्या तडाख्याच्या मधल्या तासांत. तेच तास उतारा आणि मंत्रात गेले की काय होतं, ते आपल्या गावांना माहीत आहे.

तेव्हा माझं मत विचाराल तर २००० सालचा नियम बरोबर आहे. दान टाकणाऱ्याचं, मधला वेळ सोसणाऱ्याचा.

असो. एक काम आहे. सारीपाटातल्या दानांना जुनी माणसं काय काय म्हणायची, ते गोळा करतोय. "पोबारा" मला माहीत आहे. बाकीची नावं घरातल्या थोरांना विचारून कळवा. आत्यांनी आणि मोठ्या काकूंनी तर जरूर!